३९ टक्के: अमेरिकेतल्या स्थानिक टीव्ही स्टेशनांच्या मालकीची पार्श्वभूमी

अमेरिकेत एकाच कंपनीच्या टीव्ही स्टेशनांनी देशातल्या जास्तीत जास्त किती घरांपर्यंत पोचावे, याची मर्यादा कायद्यात लिहिलेली आहे: ३९ टक्के. ४० नाही, एकतृतीयांश नाही, ३९. असला अडनिडा आकडा अभ्यासातून क्वचितच येतो. तो बहुधा तडजोडीतून येतो. ऑगस्ट २०२५मध्ये नेक्सस्टार या सर्वांत मोठ्या स्टेशन-मालक कंपनीने टेग्ना ही दुसरी मोठी कंपनी ६.२ अब्ज डॉलरना विकत घेण्याचे जाहीर केले आणि हा आकडा पुन्हा ऐरणीवर आला. दोघींची स्टेशने एकत्र धरली, तर ती देशातल्या ८० टक्के घरांपर्यंत पोचतात. ३९ची मर्यादा असताना ८०चा व्यवहार जाहीर करण्याची हिंमत कुठून येते, हे समजायला बरेच मागे जावे लागते.

आधी स्टेशन म्हणजे काय, ते पाहू. आपल्याकडे वाहिनी उपग्रहावरून येते आणि मुंबईत दिसते तीच गडचिरोलीतही दिसते. अमेरिकेत सीबीएस, एनबीसी, एबीसी ही नावे नेटवर्कची. घरातल्या टीव्हीपर्यंत पोचते ते त्या गावचे स्टेशन. दिवसातले काही तास ते नेटवर्कचे कार्यक्रम दाखवते आणि उरलेल्या वेळात स्वतःच्या बातम्या, हवामान, महापौरांची पत्रकार परिषद, शाळांच्या फुटबॉलचे निकाल. नेटवर्कच्या स्वतःच्या मालकीची स्टेशने मोजकी, मोठ्या शहरांतली. बाकीची वेगळ्या मालकांची, नेटवर्कशी करार केलेली. त्यांना ॲफिलिएट म्हणतात. नील्सन कंपनीने देशाचे असे २१० बाजार पाडले आहेत.

हवेतल्या लहरी सार्वजनिक आहेत, म्हणून स्टेशनाला परवाना लागतो, आणि १९३४च्या कायद्यानुसार तो ‘जनहिता’च्या अटीवर मिळतो. परवाना देणारी संस्था म्हणजे फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, एफसीसी. (हवाई लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५च्या क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगाल खटल्यात म्हटले. त्या खंडपीठात न्या. पी. बी. सावंत होते.)

मर्यादेची सुरुवात साधी होती: एका मालकाला १९४०च्या दशकात आधी ३ टीव्ही स्टेशने, मग ५. १९५४मध्ये आकडा ७वर गेला, त्यातली व्हीएचएफ या मूळ लहरपट्ट्यातली ५च असू शकत. १९४८ ते १९५२ या काळात नवे परवाने देणेच थांबले होते. ते पुन्हा सुरू झाले तेव्हा यूएचएफ हा दुसरा पट्टाही खुला झाला, पण त्यावरचे चित्र धुरकट यायचे आणि बहुतेक संचांत तो लागायचाही नाही. प्रत्येक नव्या संचात यूएचएफ असलाच पाहिजे, अशी सक्ती करायला १९६२चा कायदा यावा लागला. यूएचएफची ही दुबळी बाजू लक्षात ठेवायला हवी; पुढे ती फार महागात पडली.

त्या जमान्याविषयी बोलताना अनेकांचा सूर हळवा होतो. गावचा मालक, गावचे स्टेशन, गावची बातमी. मला हा हळवेपणा पटत नाही, आणि त्याचे कारण मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहरात सापडते. तिथले डब्ल्यूएलबीटी हे स्टेशन लामार लाइफ या जॅक्सनच्याच विमा कंपनीचे होते. याहून स्थानिक मालक कुठला मिळणार? त्याच्या प्रक्षेपण क्षेत्रात जवळजवळ निम्मी वस्ती कृष्णवर्णीय होती. पण १९५५मध्ये एनबीसीच्या एका कार्यक्रमात नागरी हक्कांचे वकील थर्गुड मार्शल बोलू लागले, तेव्हा स्टेशनाने तो भाग तोडला आणि पडद्यावर केबलमध्ये बिघाड झाल्याची पाटी लावली. वर्णद्वेषी संघटनांना वेळ मिळे, विरोधकांना मिळत नसे.

१९६४मध्ये परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आली. युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टचे एव्हरेट पार्कर यांनी जॅक्सनमध्ये काही स्वयंसेवक गुपचूप टीव्हीसमोर बसवले. मार्चमधला एक आठवडा त्यांनी स्टेशनावर कोण दिसते, किती वेळ दिसते आणि कोणाला काय म्हणून संबोधले जाते, याची नोंद ठेवली. त्या टिपणांच्या आधारे चर्चने आणि ॲरन हेन्री, रॉबर्ट स्मिथ या स्थानिक नेत्यांनी नूतनीकरणाला हरकत घेतली. एफसीसीचे उत्तर असे की, प्रेक्षकाला हरकत घेण्याचा अधिकारच नाही; तो प्रतिस्पर्धी व्यावसायिकाला आहे, कारण त्याचे आर्थिक नुकसान होऊ शकते. १९६६मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले आणि प्रेक्षकांना दाद मागण्याचा हक्क दिला. निकाल वॉरन बर्गर यांचा, जे पुढे सरन्यायाधीश झाले. तरीही एफसीसीने १९६८मध्ये परवाना पुन्हा त्याच मालकाला दिला. १९६९मध्ये न्यायालयाने तो रद्दच केला. ना-नफा संस्थेकडे तात्पुरता कारभार गेला आणि १९७२मध्ये विल्यम डिल्डे तिथे महाव्यवस्थापक झाले. दक्षिणेतल्या मोठ्या टीव्ही स्टेशनाच्या प्रमुखपदी तोवर कृष्णवर्णीय माणूस बसलेला नव्हता.

जॅक्सनमध्ये मालक गावचा असून उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो परवाना जाऊ शकतो या भीतीचा आणि ती भीती घालण्याचा हक्क प्रेक्षकाला मिळाल्याचा. पुढच्या काळात मालकीच्या आकड्यांवर जेवढे वाद झाले, तेवढे या हक्कावर झाले नाहीत. नूतनीकरण हळूहळू टपालाने होणारा उपचार बनला.

१९८०च्या दशकात वारे फिरले. रेगन यांच्या काळातल्या एफसीसीने १९८५मध्ये स्टेशनांची मर्यादा १२ केली आणि सोबत २५ टक्के घरांची नवी मोजपट्टी आणली. त्यातच एक सवलत होती: यूएचएफ स्टेशनाचा आवाका निम्माच धरायचा, कारण त्याचे चित्र दूरवर पोचत नाही. तेव्हा हे योग्यच होते. त्याच वर्षी रुपर्ट मरडॉक यांनी मेट्रोमीडियाची स्टेशने घेण्याचा व्यवहार केला. परदेशी माणसाला परवाना मिळत नाही म्हणून ते अमेरिकन नागरिक झाले, आणि त्या स्टेशनांवर पुढच्या वर्षी फॉक्स नेटवर्क उभे राहिले.

मग आला १९९२चा केबल कायदा. एकत्रीकरणाच्या चर्चेत हा कायदा बहुतेकदा विसरला जातो, पण माझ्या मते यंत्राचे इंजिन तेच. तोवर केबल कंपन्या स्टेशनांचे चित्र हवेतून उचलून, स्टेशनांना काही न देता, ग्राहकांना दाखवत. नव्या कायद्याने स्टेशनाला परवानगी नाकारण्याचा, म्हणजे तिची किंमत मागण्याचा हक्क दिला. सुरुवातीला केबलवाल्यांनी रोख द्यायला साफ नकार दिला. मोठ्या मालकांनी पैशांऐवजी आपल्या नव्या वाहिन्यांना केबलवर जागा मागून घेतली. ईएसपीएन-२ आणि एफएक्स यांचा जन्म त्या सौद्यातला. रोखीचा हट्ट धरला तो पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनच्या एका स्टेशनापासून १९९६मध्ये सुरू झालेल्या नेक्सस्टारने. २००५मध्ये तिने काही केबल कंपन्यांवरून आपली स्टेशने सरळ काढून घेतली आणि शेवटी पैसे मिळवले. तिथून गणित पालटले. जितकी जास्त स्टेशने, तितका दर चढा. शिवाय करारांत अशी कलमे असत की उद्या विकत घेतलेल्या स्टेशनालाही खरेदीदाराचा चढा दर लागू. म्हणजे छोट्या मालकाचे स्टेशन मोठ्याच्या हातात गेले की त्याच दिवशी त्याची कमाई वाढे, एकही बातमी जास्त न देता. हे पाहून नेटवर्कनीही हात पुढे केला. पूर्वी ती ॲफिलिएटना पैसे देत, आता त्यांच्याकडून घेऊ लागली. छोट्या मालकाला विकण्याखेरीज फारसे उरले नाही.

१९९६च्या दूरसंचार कायद्यावर क्लिंटन यांनी सही केली. स्टेशनांची संख्यामर्यादा गेली आणि घरांची मर्यादा ३५ टक्के झाली. २००३मध्ये मायकल पॉवेल यांच्या एफसीसीने ती ३ विरुद्ध २ मतांनी ४५ केली. त्याआधी या प्रश्नावर अधिकृत जनसुनावणी झाली ती एकच, व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये. लोक खवळले. बंदूकधारकांची नॅशनल रायफल असोसिएशन आणि स्त्रियांची नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन एकाच बाजूला उभ्या राहिलेल्या अमेरिकेने क्वचितच पाहिल्या असतील. काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, आकडा खाली आणणे भाग पडले. पण सीबीएसची मालक व्हायकॉम आणि फॉक्सची मालक न्यूज कॉर्पोरेशन या दोघी तोवर ३५च्या पुढे सरकल्या होत्या. जानेवारी २००४मध्ये अर्थसंकल्पी विधेयकात ३९ लिहिले गेले. त्या आकड्याला दोघींनाही काही विकावे लागत नव्हते. ३९चे मूळ हे.

राष्ट्रीय मर्यादा अशी, तर एकाच शहरात दोन स्टेशने ठेवण्यावरही बंधने होती. त्यातून वाट काढली बाल्टिमोरच्या सिंक्लेअरने. पिट्सबर्गमध्ये १९९१मध्ये दुसरे स्टेशन घेताना कंपनीने आपले पहिले स्टेशन आपल्याच एका कर्मचाऱ्याला विकले आणि करार करून ते चालवत राहिली. त्याच्या ग्लेनकेअर्न कंपनीचे बहुतेक भांडवल सिंक्लेअरच्या स्मिथ कुटुंबाकडेच होते. २००१मध्ये एफसीसीने सिंक्लेअरला ४० हजार डॉलर दंड केला. एवढ्या मोठ्या धंद्यात ही रक्कम म्हणजे चहापाण्याचा खर्च. नंतर कंपनीचे नाव बदलून कनिंगहॅम झाले. नेक्सस्टारच्या बाजूला अशीच मिशन ब्रॉडकास्टिंग आहे. परवाना एकाच्या नावावर, बातम्या, जाहिराती, कर्मचारी दुसऱ्याचे.

आता यूएचएफकडे परत. जून २००९मध्ये अमेरिकेतले प्रक्षेपण पूर्ण डिजिटल झाले, आणि डिजिटलला यूएचएफ पट्टा उलट जास्त मानवतो. निम्मे मोजण्याचे कारण संपले. सवलत मात्र चालू राहिली. २०१६मध्ये एफसीसीने ती काढली. ट्रम्प आल्यावर अजित पै यांच्या अध्यक्षतेखाली एप्रिल २०१७मध्ये ती परत आली, आणि पुढच्याच महिन्यात सिंक्लेअरने ट्रिब्यून ही आणखी एक स्टेशन-मालक कंपनी ३.९ अब्ज डॉलरना घेत असल्याचे जाहीर केले. या व्यवहाराने कंपनी ७२ टक्के घरांपर्यंत पोचली असती. तो फसला तो अतिहुशारीने. ट्रिब्यूनचे शिकागोतले मातब्बर स्टेशन डब्ल्यूजीएन मर्यादेखातर ‘विकायचे’ होते ते मेरीलँडमधल्या एका मोटार-विक्रेत्याला, ६ कोटी डॉलर अशा पडेल भावात. त्याचे सिंक्लेअरच्या प्रमुखांशी व्यावसायिक संबंध होते आणि स्टेशन सिंक्लेअरच चालवणार होती. पै यांनाही हे पचले नाही. ऑगस्ट २०१८मध्ये ट्रिब्यूनने अंग काढून घेतले. २०१९मध्ये ती गेली नेक्सस्टारकडे.

याच दरम्यान लोकांना एकत्रीकरण डोळ्यांनी दिसले. मार्च २०१८मध्ये सिंक्लेअरच्या डझनावारी स्टेशनांवरच्या अँकरांनी खोट्या बातम्यांविषयीचे एकच निवेदन शब्दशः वाचले. कोणीतरी ते तुकडे शेजारी शेजारी जोडले, आणि वेगवेगळ्या शहरांतले ओळखीचे चेहरे एका सुरात बोलताना देशाने पाहिले. ग्रेगरी मार्टिन आणि जॉश मॅक्रेन यांच्या २०१९च्या अभ्यासात दिसले की सिंक्लेअरने घेतलेल्या स्टेशनांवर राष्ट्रीय राजकारण वाढले आणि स्थानिक बातम्यांची जागा घटली, प्रेक्षकांनी तशी मागणी केली नसताना.

पुढचे बांध भराभर फुटले. स्टेशनाचा मुख्य स्टुडिओ गावाजवळच हवा, हा नियम २०१७मध्येच गेला होता. वृत्तपत्र आणि स्टेशन एकाच मालकाकडे नको, ही १९७५ची बंदी उठवण्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये एकमताने शिक्कामोर्तब केले. जुलै २०२५मध्ये एका अपील न्यायालयाने, एका शहरातली प्रेक्षकसंख्येत पहिल्या चारांतली दोन स्टेशने एकाकडे नकोत, हा नियमही रद्द ठरवला. सप्टेंबरमध्ये एबीसीवरच्या रात्रीच्या विनोदी कार्यक्रमाचे सूत्रधार जिमी किमेल यांच्या वक्तव्यावरून एफसीसीचे अध्यक्ष ब्रेंडन कार यांनी इशारा दिला आणि नेक्सस्टार व सिंक्लेअर यांनी आपल्या एबीसी स्टेशनांवर तो कार्यक्रम काही दिवस दाखवला नाही. दोन कंपन्यांनी ठरवले आणि अनेक शहरांत कार्यक्रम दिसेनासा झाला.

२०२५मध्ये, टेग्नाच्या व्यवहाराआधी, यूएचएफ सवलत धरून नेक्सस्टार ३९च्या आत बसत होती. सवलत वगळली तर ती सुमारे ७० टक्के घरांपर्यंत पोचत होती. काँग्रेसने आकडा कायद्यात घातला, म्हणून तो काँग्रेसच बदलू शकते, असे एक मत. कायद्याने एफसीसीला तिचाच नियम सुधारायला सांगितला होता, तेव्हा नियम तिच्याच अखत्यारीत, असे दुसरे. गंमत म्हणजे मर्यादा राहावी म्हणणाऱ्यांत उजव्या विचारांच्या न्यूजमॅक्स या केबल वृत्तवाहिनीचे प्रमुखही आहेत. नेक्सस्टारसारखे मालक आणखी मोठे झाले, तर केबलवर आपल्यासारख्यांना जागा उरणार नाही, हे त्यांना कळते. नेक्सस्टारने या वादाचा निकाल लागण्याची वाट पाहिली नाही. टेग्नाच्या अर्जातच तिने ३९च्या मर्यादेतून सूट मागितली.