दोन सिस्टिमचं सामाईक पार्टिशन: एनटीएफएस की एक्सफॅट?

समजा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी-टॉवेलच्या एका कारखान्याच्या ऑफिसात एकच संगणक आहे. जॅकार्डची डिझाइनं आणि टॅली विंडोजवर, बाकी काम उबंटू या लिनक्सवर. डिझाइनच्या बीएमपी फायली आणि बिलांच्या पीडीएफ दोन्हीकडून उघडायला हव्यात, म्हणून वेगळं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा स्वतंत्र भाग, करायचं ठरतं. फॉरमॅटच्या, म्हणजे डिस्कवर फायली मांडून ठेवायच्या पद्धतींच्या, यादीत एनटीएफएस आणि एक्सफॅट अशी दोन नावं दिसतात. पेन ड्राइव्हवर तेच असतं, सगळीकडे चालतं, म्हणून अनेक जण एक्सफॅट निवडतात. आतल्या डिस्कसाठी ती निवड चुकीची आहे.

वरवर दोन्ही सारखीच वाटतात. दोन्ही मायक्रोसॉफ्टची, आणि फॅट-३२ ची एका फायलीला ४ जीबीची मर्यादा दोन्हीत नाही. पण एनटीएफएस १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर आलं, ते कायम जोडलेल्या डिस्कसाठी. एक्सफॅट २००६ चं, पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डांसाठी मुद्दाम हलकं ठेवलेलं. लिनक्सला एनटीएफएसवर धड लिहिता येत नाही, ही समजूत आता जुनी झाली. एनटीएफएस-३जी हा ड्रायव्हर वर्षानुवर्षं ते काम करतोय आणि २०२१ च्या ५.१५ कर्नलपासून (कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा) एनटीएफएस-३ हा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे.

खरा फरक लाइट गेल्यावर कळतो. भर उन्हाळ्यात फाइल सेव्ह होत असताना वीज गेली आणि यूपीएसची बॅटरी उतरलेली असली, तर डिस्कवरचा बदल अर्धवट राहतो. एनटीएफएसमध्ये जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, असतं. फोल्डर, फायलींची नावं, जागेचं वाटप यांत होणारा बदल आधी तिथे लिहिला जातो, त्यामुळे विंडोज पुन्हा सुरू झाल्यावर रचना सावरून घेतं. त्या क्षणी लिहिली जात असलेली फाइल मात्र जाऊ शकते, कारण जर्नलमध्ये फायलीतला मजकूर नसतो. एक्सफॅटला हे जर्नलच नाही. तिथे अख्खं फोल्डर बिघडू शकतं.

दुसरं, जागा. मोठ्या पार्टिशनवर विंडोज एक्सफॅटचा क्लस्टर (फायलीला दिला जाणारा जागेचा सगळ्यात लहान तुकडा) साधारण १२८ केबीचा ठेवतं, एनटीएफएसचा ४ केबीचा. ५ केबीच्या १०,००० फायली एक्सफॅटवर सव्वा जीबीच्या आसपास जागा अडवतील, एनटीएफएसवर ८० एमबीच्या. मोठे व्हिडिओ असतील तर हा फरक विसरा.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते फास्ट स्टार्टअपमुळे. विंडोज ८ पासून 'शट डाउन' केलं तरी कर्नल पूर्ण बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि जोडलेल्या पार्टिशनची माहितीही तिच्यात असते. अशा वेळी लिनक्सकडून एनटीएफएस उघडायला गेलात तर बहुतेकदा ते जोडायलाच नकार मिळतो किंवा फक्त वाचता येतं. लोक वैतागतात, पण ही अडवणूक तुमच्या फायली वाचवते. एक्सफॅटवर लिनक्स फार तर इशारा देतं आणि लिहू देतं. मग विंडोज जागं होऊन आपल्या जुन्या माहितीवरून लिहायला लागतं आणि तुमच्या नव्या फायली उडतात. म्हणून कोणतंही फॉरमॅट असो, कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' उघडा, 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' दाबा आणि 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'ची खूण काढा. तोवर लिनक्सकडे जाताना 'रीस्टार्ट'च वापरा, त्यात कर्नल पूर्ण बंद होतो. हायबरनेट करून तर कधीच जाऊ नका.

पार्टिशन विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच करा: 'श्रिंक व्हॉल्यूम', मग 'न्यू सिंपल व्हॉल्यूम', एनटीएफएस, क्लस्टर डिफॉल्ट, कॉम्प्रेशनची खूण नको. त्या पार्टिशनवर बिटलॉकर हे विंडोजचं कुलूपही (एन्क्रिप्शन) नको. उबंटूत 'डिस्क्स' उघडून 'एडिट माउंट ऑप्शन्स'मध्ये ओळख यूयूआयडीने, म्हणजे पार्टिशनच्या कायमच्या ओळख क्रमांकाने, द्या, कारण नवी डिस्क जोडली की डिस्कना मिळणाऱ्या एसडीए-एसडीबी या नावांचा क्रम बदलू शकतो. सोबत 'नोफेल' लिहा, नाहीतर पार्टिशन जोडता आलं नाही की उबंटू सुरू होतानाच अडकतं. फायलींच्या नावात कोलन किंवा प्रश्नचिन्ह घालू नका. लिनक्स ते चालवून घेतं, विंडोजमध्ये मग ती फाइल उघडत नाही.

एनटीएफएस बिघडलंच तर दुरुस्ती विंडोजच्या चेकडिस्कने करा. लिनक्समधलं एनटीएफएसफिक्स काही वरवरच्या चुका सुधारतं आणि पुढची तपासणी विंडोजवर सोपवतं, पूर्ण दुरुस्ती करत नाही.

प्रोग्रामिंगचे प्रकल्प या दोन्हींपैकी कशावरच ठेवू नका, लिनक्सच्या परवानग्या तिथे नीट टिकत नाहीत. त्यांना लिनक्सचं स्वतःचं ईएक्सटी-४ हवं. एक्सफॅट ठेवा छपाईवाल्याकडे किंवा गिऱ्हाइकाकडे न्यायच्या पेन ड्राइव्हसाठी, आणि तो 'इजेक्ट' केल्याशिवाय उपसू नका.