गॅलरीतली दहा मिनिटं आणि बेडकाची कातडी

गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर मामांचा फॉरवर्ड आला. ब्रह्ममुहूर्तावर म्हणे हवेत ओझोन सर्वात जास्त असतो, म्हणून ऋषिमुनी तेव्हा उठायचे. खाली अकरा जणांचे जोडलेले हात.

आधी ओझोनचं उरकून घेऊ. जमिनीलगतचा ओझोन वाहनांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड, काही सेंद्रिय वाफा आणि ऊन यांच्या संगनमतातून तयार होतो. म्हणून तो दुपारी चढतो आणि पहाटे जवळजवळ तळाला असतो. तो पहाटे भरपूर असता तरी आनंद मानायचं कारण नव्हतं, कारण ओझोन फुप्फुसांना झोंबतो. 20-25 किलोमीटर उंचीवर आहे तिथेच तो बरा.

पण फॉरवर्डमधला 'ब्रह्ममुहूर्त' हा शब्द मला आवडतो. ही वेळ सूर्योदयाच्या 96 मिनिटं आधी सुरू होते आणि 48 मिनिटं चालते. म्हणजे मुंबईत जानेवारीत साधारण 5:37 ला, तर जूनमध्ये 4:25 च्या सुमारास. ती सूर्याबरोबर सरकते. आजकाल 'पाचला उठा, आयुष्य बदला' सांगणाऱ्यांची वेळ मात्र मोबाइलच्या गजराला खिळलेली असते. शरीराला गजर कळतच नाही. त्याला उजेड कळतो, आणि तो कसा कळतो याची गोष्ट भन्नाट आहे.

दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या अगदी वर तांदळाच्या कणीएवढा एक पुंजका आहे. नाव सुप्राकायझ्मॅटिक न्यूक्लियस, पेशी जेमतेम 20,000. हे शरीराचं मुख्य घड्याळ. झोप, शरीराचं तापमान, संप्रेरकं, सगळं याच्या तालावर चालतं. अडचण एवढीच की माणसात त्याचा दिवस सरासरी 24 तास आणि वर दहाएक मिनिटांचा भरतो. रोज दहा मिनिटं म्हणजे महिन्यात पाच तास! म्हणून हे घड्याळ रोज लावावं लागतं, आणि ते लावतो उजेड.

डोळ्यात उजेड टिपणाऱ्या पेशी दोनच, शलाका आणि शंकू, असं आपण शाळेत शिकलो. त्यांच्या पुढच्या गँग्लियन पेशी म्हणजे नुसत्या तारा, निरोप मेंदूकडे पोचवणाऱ्या. पण 1995 मध्ये हार्वर्डच्या चार्ल्स झाइसलर यांच्या गटाला काही अंध व्यक्तींमध्ये चमत्कारिक गोष्ट दिसली. त्यांना काहीही दिसत नव्हतं, तरी डोळ्यांवर प्रखर उजेड पाडला की रक्तातलं मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचा निरोप देणारं संप्रेरक, खाली यायचं. म्हणजे डोळ्यात आणखी कोणीतरी उजेड मोजत होतं.

त्या 'कोणीतरी'चा माग लागला तो बेडकाच्या कातडीत. आफ्रिकेतल्या एका बेडकाच्या त्वचेतल्या रंगपेशी उजेड पडला की आतले रंगकण पसरवून काळपट होतात. 1998 मध्ये इग्नाशिओ प्रोव्हेन्सिओ आणि सहकाऱ्यांनी त्यांच्यातलं प्रकाशग्राही प्रथिन शोधलं आणि नाव दिलं मेलानॉप्सिन. दोन वर्षांत तेच प्रथिन माणसाच्या दृष्टिपटलात सापडलं, तेही शलाका-शंकूंत नव्हे, तर त्या 'तारा' म्हणून हिणवलेल्या काही गँग्लियन पेशींत. 2002 मध्ये डेव्हिड बर्सन यांनी उंदरांच्या डोळ्यातल्या या पेशींचा शलाका-शंकूंशी संबंध औषधांनी तोडला आणि उजेड पाडला. पेशी तरीही बोलल्या!

इथून थोडं किचकट आहे, पण मला राहवत नाही. शलाका आणि शंकू यांच्यावर उजेड पडला की त्यांचा विद्युतदाब आणखी ऋण होतो, म्हणजे त्या एका अर्थी गप्प होतात. मेलानॉप्सिनवाल्या पेशी उलट, उजेडाने चेततात, थेट माशीच्या डोळ्यातल्या पेशींसारख्या. त्यांना सर्वात भावतो 480 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा, म्हणजे आभाळाच्या निळाईतला उजेड. आणि त्या संथ आहेत. चेतायला वेळ घेतात, उजेड गेला तरी काही काळ बोलत राहतात. कोण आलं, काय हललं याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. त्या फक्त किती उजेड आणि किती वेळ, एवढा हिशेब ठेवतात.

म्हणूनच सकाळी गॅलरीत काही न करता बसणं त्यांना मानवतं. मी मोबाइलवर उजेड मोजायचं अॅप घेतलं. अचूक नसतं ते, पण अंदाज येतो. स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटखाली 140 लक्स. दुधाची पिशवी हातात घेऊन गॅलरीच्या ग्रिलपाशी गेलो, आभाळ ढगाळ, तरी 4,100. आपल्या डोळ्यांना हा फरक तीसपट वाटतच नाही, कारण बाहुली थोडी आवळते आणि दृष्टिपटल लगेच जुळवून घेतं. आता चहा तिथेच घेतो. समोरच्या इमारतीतला कुकर, कबुतरांची कटकट, तुळशीला पाणी. श्वास सोडताना नाडी किंचित मंदावते तेही बोटाखाली जाणवतं. डोळे मिटून ध्यान करायचं तर खुशाल करा, पण आधी दहा मिनिटं उघडे ठेवा. सूर्याकडे टक लावायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

आता गंमत. उजेड घड्याळ पुढे नेतो की मागे, हे वेळेवर ठरतं. नेहमीच्या उठण्याच्या दोन-तीन तास आधी शरीराचं तापमान सर्वात कमी असतं. त्यानंतरच्या उजेडाने घड्याळ पुढे सरकतं, दुसऱ्या दिवशी लवकर जाग येते. त्याआधीच्या उजेडाला मात्र शरीर 'अजून संध्याकाळच आहे' असं समजतं आणि घड्याळ मागे नेतं. रोज आठला उठणारा माणूस उत्साहाने चारला उठून सगळे दिवे लावून बसला, तर तो घड्याळाला उशिराचीच सवय लावतोय. त्यापेक्षा रोज पंधरा-वीस मिनिटं अलीकडे या. उठल्यावर वाढणारं कॉर्टिसोल हे संप्रेरक 'धुऊन काढणारी' पेयं विकणाऱ्यांकडेही दुर्लक्ष करा. पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात ते वाढणं निरोगी शरीराचं रोजचंच काम आहे.

आपल्या पश्चिम किनाऱ्याची आणखी एक अडचण. भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशावरची, मुंबई 72.8 वर. म्हणजे सूर्याच्या हिशेबाने आपण 39 मिनिटं मागे. 1955 पर्यंत मुंबईत 'बॉम्बे टाइम' चालायचा, तो याच 39 मिनिटांचा. जानेवारीत कोलकात्यात सव्वासहाच्या सुमारास उजाडतं, मुंबईत सव्वासातला. तिकडच्या मुलाचा सहाचा गजर आणि इकडच्या मुलाचा सहाचा गजर, दोन्ही सारखे नव्हेत. चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नयेत असं राज्य सरकारने 2024 मध्ये सांगितलं, तेव्हा पालकांच्या नोकरीच्या वेळांवरून बरीच ओरड झाली. ती खोटी नव्हती, पण मुलांच्या घड्याळाचं नाव त्या वादात फारसं कोणी काढलं नाही.

हे सगळं मी मामांना सविस्तर लिहून पाठवलं. बेडकासकट. दोन निळ्या टिका आल्या, मग बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं.

"छान माहिती. मग ओझोनसाठी दुपारी फिरायला जावं का?"