कासची माती सुपीक नाही

कास पठारावर एवढी फुलं येतात म्हणजे माती कसदार असणार, असं साताऱ्यात वर्षानुवर्षं ऐकू येतं. उलट आहे. खाली जांभ्याचा कातळ, वर अनेक ठिकाणी जेमतेम बोटभर खडेदार, आम्लधर्मी थर. इथले खडे जागच्या जागी घडले. बेसॉल्ट हा मूळचा काळा खडक युगानुयुगं पावसात झिजला, चुना-पोटॅश धुऊन गेलं, लोह आणि ॲल्युमिनियम उरलं. नत्र तर इतकं तुटपुंजं, की दवबिंदू आणि सीतेची आसवं या इथल्या कीटकभक्षी वनस्पती किडे पकडून ते मिळवतात! मोठ्या झाडांना मुळं रोवता येत नाहीत, म्हणूनच या चिमुकल्या रोपांना ऊन मिळतं. कुंडीसाठी ही माती कृपा करून उचलू नका. पठारावर खत टाकणं तर त्याहून वाईट: गवत माजेल आणि फुलं दडपली जातील.