घसादुखी: प्रतिजैविकांची गरज नेमकी कधी?

घसा दुखू लागला की 'कोणती गोळी घ्यावी' हा प्रश्न सर्वांत आधी मनात येतो. खरे तर त्याच्याही आधी हे ठरायला हवे, की संसर्ग विषाणूंचा आहे की जिवाणूंचा, कारण पुढचा सगळा उपचार या एका गोष्टीवर अवलंबून असतो. प्रौढांमधील बहुतेक घसादुखी सर्दी, फ्लू किंवा तत्सम विषाणूंमुळे होते आणि प्रतिजैविकांचा विषाणूंवर काहीही परिणाम होत नाही. जिवाणूंपैकी महत्त्वाचा म्हणजे 'गट अ' स्ट्रेप्टोकॉकस. मुलांच्या घसादुखीत त्याचा वाटा साधारण 20 ते 30 टक्के, तर प्रौढांत 5 ते 15 टक्के असतो.

वेदनेचे कारण मात्र दोन्हींत बरेचसे सारखेच असते. संसर्गाला तोंड देताना घशाच्या अस्तरात ब्रॅडिकिनिन आणि प्रोस्टाग्लॅन्डिन ही रसायने तयार होतात. त्यांच्यामुळे रक्तवाहिन्या रुंदावतात, अस्तर लाल होऊन सुजते आणि मज्जातंतूंची टोके इतकी हळवी होतात, की साधा आवंढा गिळतानाही कळ येते. कित्येकदा कानही ठणकतो. पण कान तपासला तर तो अगदी निरोगी दिसतो. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या नवव्या जोडीच्या शाखा घशात जातात, तशाच मध्यकर्णातही जातात. त्यामुळे घशातली वेदना कानातली असल्याचा भास होतो.

नुसता घसा पाहून विषाणू की जिवाणू हे खात्रीने सांगता येत नाही. टॉन्सिलवरचे पांढरे ठिपके पाहून 'जिवाणूच' असा निष्कर्ष काढण्याची सवय फार रूढ आहे. पण एप्स्टाइन-बार या विषाणूच्या संसर्गातही तसेच ठिपके दिसतात. म्हणूनच 1981 मध्ये मांडली गेलेली सेंटर कसोटी आजही उपयोगी पडते. ताप असणे, खोकला नसणे, जबड्याखाली मानेच्या पुढच्या बाजूच्या गाठी सुजून दुखऱ्या होणे आणि टॉन्सिलवर पू किंवा सूज दिसणे, या चार गोष्टी ती पाहते. यांपैकी एखादीच असेल तर स्ट्रेप्टोकॉकसची शक्यता कमी असते. तीन किंवा चार असतील तर घशातील स्रावाची चाचणी करून खात्री करून घेणे योग्य ठरते. नाक वाहणे, खोकला आणि आवाज बसणे ही लक्षणे बहुधा विषाणूंकडे बोट दाखवतात.

स्ट्रेप्टोकॉकसची घसादुखीसुद्धा बहुधा आठवडाभरात आपोआप थांबते, मग तो शोधून काढण्याचा एवढा आग्रह का? खरी भीती हृदयाची आहे. या जिवाणूच्या पृष्ठभागावरील एम प्रथिनाची रचना हृदयातील काही प्रथिनांशी मिळतीजुळती असते. त्यामुळे जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती काही जणांत, विशेषतः 5 ते 15 वर्षांच्या मुलांत, घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटते. हाच संधिज्वर, म्हणजे ऱ्हुमॅटिक फीवर. त्यात हृदयाच्या झडपांना, विशेषतः मायट्रल झडपेला, कायमची इजा होऊ शकते. वेळेवर पेनिसिलिन दिल्यास हा ताप टाळता येतो, हे 1950 च्या सुमारास अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील एका हवाई तळावरील सैनिकांवर झालेल्या अभ्यासातून दिसून आले. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झाले, तरी हे संरक्षण मिळते. म्हणून चाचणीच्या निकालासाठी एक-दोन दिवस थांबण्यात धोका नसतो. पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन बहुधा दहा दिवस दिले जाते. तिसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून ते मनानेच बंद करू नये. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे.

घरात उरलेली किंवा दुसऱ्याला लिहून दिलेली प्रतिजैविके घेणे मात्र कटाक्षाने टाळावे. विषाणूजन्य घसादुखीत त्यांचा फायदा नाही, उलट जुलाब किंवा पुरळ यांचा त्रास होऊ शकतो. एप्स्टाइन-बार संसर्गात अमॉक्सिसिलिन घेतल्यास अंगभर पुरळ उठण्याची शक्यता बरीच असते.

वेदना कमी करण्यासाठी पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन योग्य मात्रेत घेता येते. आयबुप्रोफेन प्रोस्टाग्लॅन्डिनची निर्मितीच रोखते, त्यामुळे सूजही उतरते. मात्र पोटात व्रण किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास ते विचारल्याशिवाय घेऊ नये. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये, कारण त्याचा संबंध यकृत आणि मेंदूवर आघात करणाऱ्या राय सिंड्रोमशी आहे. पेलाभर कोमट पाण्यात पाव ते अर्धा चमचा मीठ घालून केलेल्या गुळण्यांनी तात्पुरता आराम पडतो, पण लहान मुले ते पाणी गिळतात. मधाने घसा शांत होतो. एक वर्षाखालील बाळाला मात्र तो कधीही देऊ नये, कारण त्यातून बॉट्युलिझम ही जिवाणूंच्या विषामुळे होणारी गंभीर विषबाधा होऊ शकते. गिळताना दुखते म्हणून पाणी पिणे कमी होते आणि कोरड पडून त्रास वाढतो, तेव्हा घोट-घोट का होईना, पाणी पीत राहावे.

श्वास घ्यायला त्रास होणे, लाळही गिळता न येणे, तोंड नीट न उघडणे किंवा घशाच्या एकाच बाजूला तीव्र वेदना व सूज असणे, यांपैकी काहीही दिसल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. टॉन्सिलच्या मागे पू साठला असल्यास किंवा श्वासनलिकेवरील पडदा सुजला असल्यास उशीर जिवावर बेतू शकतो. ताप नसताना घसा आठवडेच्या आठवडे दुखत असेल, तर पोटातील आम्ल वर येणे, ॲलर्जी, धूर किंवा तोंडाने श्वास घेणे ही कारणे तपासावी लागतात. आणि आवाजाचा घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र पाहून घ्यावे.