कवड्या की मण्यार? पट्ट्यांचा घोळ

पावसाळ्यात बागेतली कुंडी सरकवली की खाली वेटोळं करून बसलेला पांढऱ्या पट्ट्यांचा बारीक साप निघतो आणि घरात एकच ओरडा होतो, "मण्यार! मण्यार!" बऱ्याचदा तो असतो कवड्या. बिनविषारी, पाली खाऊन गुजराण करणारा. पण ओळख पटायच्या आधीच काठी पडलेली असते. उलटी चूक त्याहून वाईट. मण्यारीचं पिल्लू कवड्या समजून कुणी हातात घेतलं, तर ते जिवावर बेततं.

पट्टे दोघांच्याही अंगावर असतात, त्यामुळे नुसत्या पट्ट्यांवरून काहीच ठरत नाही. ते सुरू कुठून होतात आणि ठळक कुठे असतात, ते बघायचं. कवड्याचा पहिला पट्टा डोक्यामागे लगेच, मानेवरच असतो. पुढच्या भागातले पट्टे रुंद, पांढरट किंवा पिवळसर. शेपटीकडे जाताना ते विरत जातात. कुशीवर उतरताना पट्टा बऱ्याचदा फाटतो आणि तिथे जाळीसारखी नक्षी दिसते. मण्यारीची मान आणि तिच्यामागचा बराचसा भाग कोरा असतो. तिथून पुढे दुधी रंगाच्या बारीक रेषा लागतात, बहुधा जोडीजोडीनं, आणि त्या शेपटीपर्यंत स्पष्ट राहतात. अंगाचा रंगही वेगळा: कवड्या तपकिरी किंवा काळपट, तर मण्यार निळसर झाक असलेली, तुकतुकीत काळी.

मोबाइलवर फिरणारे तक्ते इथेच थांबतात, आणि खरी मेख याच्या पुढे आहे. मण्यारीच्या पिल्लाचे पट्टे डोक्याजवळूनच सुरू होऊ शकतात. काही मोठ्या मण्यारींचे पट्टे पुसट असतात. कात टाकायला आलेल्या सापाचा रंगच मळकट दिसतो. कवड्या फार तर हात-दीड हात आणि मण्यार मीटरभर किंवा जास्त, हे खरं. पण पिल्लू समोर असेल तर लांबीचा काय उपयोग?

म्हणून जाणकार पाठीचा कणा बघतात. मण्यारीच्या कण्यावर मोठ्या, षटकोनी खवल्यांची एक सरळ ओळ असते. बाजूचे खवले त्यांच्यापुढे लहान दिसतात. कवड्याच्या पाठीवरचे खवले साधारण एकाच मापाचे. हे बघायला वाकून जवळ जायचं नाही. लांबूनच फोटो काढा आणि तो मोठा करून बघा. तरीही शंका राहिली, तर साप मण्यारच आहे असं धरून सर्पमित्राला बोलवा.

दोघंही निशाचर. कवड्या चढण्यात पटाईत. खडबडीत भिंत, पाइप, खिडकीचे गज, जिथे पाली तिथे तो. मण्यार बहुतेक जमिनीवरच, विटांच्या ढिगात, उंदरांच्या बिळात असते. ती उंदीर, बेडूक खाते आणि दुसरे सापही गिळते, त्यात कवड्याचाही नंबर लागू शकतो. रात्री ती घरात शिरते आणि जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्याला चावते. खाटेवर झोपून मच्छरदाणी गादीखाली नीट खोचली, तर हा धोका बराच कमी होतो.

चाव्याच्या बाबतीत तर सगळं उलटंच. कवड्याचे पुढचे दात लांब, गुळगुळीत अंगाची सापसुरळी पकडून ठेवायला बनलेले. हाताळलं की तो चटकन चावतो, रक्त येतं, झोंबतं. मण्यारीचा चावा पुष्कळदा जाणवतही नाही. सूज नाही, खूण शोधावी लागते. काही तासांनी पोटात दुखतं, पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलणं अडखळतं, मग श्वास. त्यामुळे जखम किरकोळ दिसते म्हणून सकाळपर्यंत थांबायचं नाही. चावलेला भाग हलू न देता थेट दवाखाना गाठायचा. चिरा देणं, आवळून बांधणं, मांत्रिक, यातलं काही नको. साप मारून सोबत न्यायचीही गरज नसते: भारतात वापरलं जाणारं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर चालतं आणि डॉक्टर लक्षणं बघून ते देतात.