पिकअपमधून पसरणारी रानडुकरे

1999 मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने रानडुकरांची शिकार राज्यभर खुली केली. कितीही मारा, मर्यादा नाही. बंदुका वाढल्या की डुकरे घटतील, असा सरकारी हिशेब होता. झाले उलटेच. जिथे डुकरांचा मागमूसही नव्हता तिथे सुटेसुटे कळप दिसू लागले, आणि होता होता 95 पैकी जवळपास 80 काउंट्यांमध्ये त्यांची नोंद झाली. दोन कळपांच्या मधल्या मुलखात मात्र एकही डुक्कर नसे. चालत पसरणारे जनावर अशी मोकळी जागा मागे ठेवत नाही. घराजवळ शिकार मिळावी म्हणून हौशी लोकांनीच ती पिंजऱ्यात घालून आणली होती. 2011 मध्ये राज्याने हंगाम बंद केला आणि डुकरे मारण्याचे काम मुख्यतः जमीनमालकांवर सोपवले. जिवंत रानडुक्कर नेणे किंवा सोडणे तिथे गुन्हा आहे. त्याला 2500 डॉलरपर्यंत दंड आणि जवळपास वर्षभराची कैद होऊ शकते.

हे जनावर आपल्या ओळखीचेच. आपल्याकडचे रानडुक्कर आणि तिकडचे, दोन्ही ‘सुस स्क्रोफा’ याच जातीचे. फरक इतकाच की आपल्याकडे ते मूळचे आहे आणि वन्यजीव कायद्याच्या कक्षेत येते. अमेरिकेत ते उपरे आहे. 1539 मध्ये स्पॅनिश सरदार हर्नांदो दे सोतो याच्या मोहिमेबरोबर पाळीव डुकरे फ्लोरिडात उतरली. पुढे 1912 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या हूपर बाल्ड या डोंगरावर शिकारीसाठी युरोपातले रानडुक्कर आणले गेले, आणि काही वर्षांत ते कुंपण तोडून निसटले. आज जंगलात सापडणारी बहुतेक डुकरे या दोन वंशांची संकरित प्रजा आहे: पाळीव डुकराची भरपूर पिल्ले आणि रानटी डुकराचा चिवटपणा, दोन्ही एकाच अंगात. संख्या सुमारे 60 लाख, वावर निदान 35 राज्यांत.

स्वतःच्या पायांनी डुक्कर किती पसरते? 1982 ते 2012 या काळातला त्यांचा उत्तरेकडचा प्रसार मोजला, तेव्हा तो वर्षाला सुमारे 6.5 किलोमीटरवरून 12.6 किलोमीटरपर्यंत वाढलेला दिसला. पिकअप हे अंतर दहा मिनिटांत कापते. गाडीतून आलेले डुक्कर ओळखण्याचा उपाय म्हणजे जनुके. शेजारशेजारच्या कळपांची जनुके एकमेकांशी जुळतात आणि अंतर वाढत जाईल तसा फरक वाढतो. एखादे डुक्कर शेजाऱ्यांशी न जुळता शेकडो किलोमीटरवरच्या कळपाशी जुळले, तर त्याने प्रवास कसा केला हे सांगायला नको. पश्चिम ऑस्ट्रेलियात नेमक्या याच पद्धतीने बेकायदा सोडलेली डुकरे उघडकीस आली.

चारच डुकरे सोडली तर काय बिघडले, असे सोडणाऱ्याला वाटते. एक नर आणि तीन माद्या धरू. गर्भ सुमारे 115 दिवसांचा, एका वेताला सरासरी पाच-सहा पिल्ले, आणि मादी सहा ते आठ महिन्यांत वयात येते. वर्षाला एकच वेत आणि सहा पिल्लांपैकी तीनच जगली, असा हात आखडून हिशेब केला तरी पहिल्या वर्षाअखेर 13, दुसऱ्या वर्षाअखेर 34 आणि तिसऱ्या वर्षाअखेर 85 च्या आसपास डुकरे होतात. (मोठ्यांचे मरण यात धरलेले नाही, पण दुसरे वेतही धरलेले नाही.) वाढ नुसती थोपवायची म्हटली तरी दरवर्षी कळपातली सुमारे दोन तृतीयांश डुकरे काढावी लागतात. हौशी शिकारीतून हा आकडा सहसा गाठला जात नाही.

जनावराबरोबर रोगही गाडीत चढतो. अमेरिकेतल्या पाळीव डुकरांमधून स्यूडोरेबीज हा विषाणूजन्य आजार 2004 मध्ये हटवला गेला, पण रानडुकरांत तो अजून आहे. ब्रुसेलोसिस हा जिवाणूजन्य आजारही आहे, आणि तो कातडी सोलणाऱ्या माणसालाही होतो. सगळ्यात मोठी धास्ती आफ्रिकन स्वाइन फीव्हर या डुकरांच्या जीवघेण्या तापाची. अमेरिकेत तो अजून पोचलेला नाही, पण 2021 मध्ये डोमिनिकन रिपब्लिक आणि हैतीपर्यंत आला. 2018 मध्ये बेल्जियमच्या रानडुकरांत तो निघाला, तेव्हा जवळचे बाधित क्षेत्रही शेकडो किलोमीटर दूर होते. ती उडी डुकरांची नव्हती, माणसांचीच असावी, असे तज्ज्ञांचे मत पडले.

मग लोकांना काय वाटते? 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी सर्वेक्षणात बहुतेक अमेरिकनांना रानडुकरे नकोशी वाटतात आणि त्यांच्या वाहतुकीवर बंदी व दंड असावा, याला त्यांचा पाठिंबा आहे, असे दिसले. म्हणजे जनमत बंदीच्या बाजूचे आहे. पण कळप नेऊन सोडायला बहुमत लागत नाही. एक ट्रेलर आणि चार मित्र पुरतात. शिवाय काही जमीनमालकांना शिकारीच्या भाड्यातून पैसा मिळतो. त्यांच्या लेखी डुक्कर हे नुकसानही आहे आणि उत्पन्नही.

विषाची गोष्ट काढली की जनमताचा रंग बदलतो. 2017 च्या फेब्रुवारीत टेक्सासने वॉरफरिन हे विष घातलेल्या आमिषाला वाट मोकळी केली. शिकारी संघटना आणि रानडुकराचे मांस विकणारे असे दोघेही विरोधात उभे राहिले, प्रकरण कोर्टात गेले, आणि एप्रिलमध्ये उत्पादकानेच टेक्सासमधून माघार घेतली. डुक्कर नको असणे आणि ते अमुक प्रकारे मेलेले चालणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धोरण आखणारे इथेच फसतात. ‘पकडून लांब सोडून द्या’ ही मागणी आपल्याकडे माकडांबाबत आणि बिबट्यांबाबत सर्रास होते. तीत दया असते, यात शंका नाही. पण उपऱ्या डुकराबाबत ती मान्य करणे म्हणजे एका शेतकऱ्याची डोकेदुखी दुसऱ्याच्या बांधावर नेऊन ठेवणे.

सापळा मात्र नीट लावला तर काम करतो. 16 फूट लांब आणि 5 फूट उंच अशा जाळीच्या चार चौकटी एकमेकींवर फूटभर चढवून गोल उभारल्या की सुमारे 19 फूट व्यासाचा कोंडवाडा तयार होतो. आकार गोलच हवा, कारण कोपरा सापडला की डुकरे एकमेकांवर चढून बाहेर पडतात. जाळीची भोके चार इंचांपेक्षा मोठी नकोत, नाहीतर पिल्ले निसटतात. दार उघडे बांधून आत मका टाकायचा आणि कॅमेऱ्यावर रोज मोजदाद करायची. घाई करणारा इथे हरतो. तारेला लागून आपोआप पडणारे दार पहिल्या दोन पिल्लांनीच पडते, आणि बाहेर राहिलेल्या माद्या पुन्हा सापळ्याच्या वाऱ्याला उभ्या राहत नाहीत. सगळा कळप सलग काही रात्री बिनधास्त आत येऊ लागला की मगच फोनवरून दार पाडायचे. मधेच कोणी बंदूक चालवली किंवा कुत्री सोडली तर कळप फुटतो आणि आठवड्यांची मेहनत वाया जाते. मिसूरीच्या वन्यजीव खात्याने 2016 मध्ये आपल्या जमिनींवर रानडुकरांची शिकार बंद केली, ती याचसाठी. डुक्कर दिसले तर गोळी झाडू नका, आम्हाला कळवा, असे त्यांचे सांगणे आहे.

दार पडल्यानंतरच खरी गळती सुरू होते, कारण पकडलेल्या जिवंत डुकराला गिऱ्हाईक असते. टेक्सासच्या नियमाप्रमाणे पकडणाऱ्याला ते निसटू न देणाऱ्या पिंजऱ्यात किंवा ट्रेलरमध्ये सात दिवसांपर्यंतच ठेवता येते. नर परवानाधारक शिकारक्षेत्रात जाऊ शकतो, मादी मात्र फक्त कत्तलखान्यात. सोडून दिलेल्या नुसत्या नरांतून कळप उभा राहत नाही, म्हणून हा भेद. पण रात्रीच्या रस्त्यावर कत्तलखान्याकडे निघालेला ट्रेलर आणि नदीकाठच्या रानाकडे निघालेला ट्रेलर दिसायला सारखेच. तपासणाऱ्याच्या हाती दोनच गोष्टी असतात: आत माद्या किती, आणि कागदावर गाव कोणते.