‘पार’, घरं चार

पहिल्या एसटीनं पेपर येतो आणि कँटीनवर चहा उकळेपर्यंत शब्दकोड्याचं पान वेगळं निघालेलं असतं. समजा, आजच्या आडव्या शब्दांत आहे: ‘पार’, घरं चार. वडाच्या पारावर बसलेला माणूस ‘चबुतरा’ लिहून मोकळा होईल. लिहीलच, तो त्यावरच तर बसलाय! पण ‘पैलतीर’ही चार घरांत बसतं, ‘पलीकडे’ही बसतं. अर्थ म्हणून तिन्ही चालतात.

निकाल लावतं तिसरं घर. वरून येणारा उभा शब्द तिथं ‘त’ देतो, ‘ती’ देतो की ‘क’, एवढंच बघायचं. 1913 साली आर्थर विन यांनी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये पहिलं कोडं छापलं, तेव्हापासून इंग्रजी कोड्यात एका घरात एकच सुटं अक्षर बसतं. आपल्याकडे काना-मात्रा-वेलांटीसकट आख्खं अक्षर बसतं, जोडाक्षर असेल तर तेही. त्यामुळे मराठीत नुसती एक वेलांटी तुम्हाला वडाखालून उचलून नदीच्या पल्याड नेऊन टाकते.

पण मुळात चबुतराच आधी का आठवतो?

डेव्हिड स्विनी या मानसशास्त्रज्ञाचा 1979 चा एक प्रयोग इथं कामाचा आहे. लोकांच्या कानावर वाक्य पडायचं आणि त्यात ‘बग’ हा दोन अर्थांचा इंग्रजी शब्द यायचा. एक अर्थ किडा, दुसरा चोरून ऐकायचं यंत्र. वाक्यात कोळी, झुरळं अशी सगळी किड्यांचीच बात. तरी ‘बग’ कानावर पडताक्षणी पडद्यावर ‘हेर’ अशा अर्थाचा शब्द आला, तर तोही लोक ‘मुंगी’इतकाच झटकन ओळखायचे. म्हणजे त्या क्षणी डोक्यात दोन्ही अर्थ जागे होते. आणखी दोन-तीन अक्षरं उच्चारून होईपर्यंत मात्र हेर गायब, किडा तेवढा शिल्लक. नको तो अर्थ मेंदू इतक्या लवकर मिटवतो की तो उघडला होता हे आपल्याला कळतही नाही.

बोलताना ही सोय फार चांगली. नाहीतर ‘पार थकलो’ म्हणणाऱ्या माणसाकडे आपण चबुतऱ्यासारखं बघत बसलो असतो. कोड्यात तीच सोय अंगाशी येते, कारण तिथं शब्दाच्या मागेपुढे वाक्यच नसतं. मग कौल देते सवय. जो अर्थ तुमच्या रोजच्या कामातला, तो पुढं सरकतो.

हेही तपासून झालंय. लंडनच्या मानसशास्त्रज्ञ जेनिफर रॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाव वल्हवणाऱ्या खेळाडूंना साधे, पण त्यांच्या खेळात वेगळा अर्थ असलेले शब्द दिले. ‘फेदर’ म्हणजे सगळ्यांना पीस. त्यांना मात्र वल्हं आडवं फिरवणं. खेळाचा अनुभव जितका जुना, तितका तो अर्थ जास्त वेळा सुचायचा. आणि त्या दिवशी नाव वल्हवून आलेल्यांना तर जास्तच.

आपल्याकडे वल्हं नाही, डवरं आहे, म्हणजे उभ्या पिकाच्या ओळींमधलं तण काढायचं औत. ‘तास’ म्हटलं की गुरुजींना गणिताचा तास आठवतो, एसटीची वाट बघणाऱ्याला साठ मिनिटं, सुताराला रंधा. आणि सकाळी डवरणी करून आलेला माणूस म्हणणार, ‘‘हे तं तुरीचं तास होय ना बाप्पा!’’ म्हणजे शेतातली ओळ. नागपुरात फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलाला हा अर्थ सुचत नाही, यात त्याच्या हुशारीचा काही दोष नाही. त्याच्या पायाखाली ते तास कधी आलेलंच नसतं.

म्हणून मला वाटतं, कोडं सोडवायला एकट्या पंडितापेक्षा चार धंद्यांची चार माणसं बरी. एकाच्या डोक्यात मिटलेला अर्थ दुसऱ्याच्या डोक्यात सताड उघडा असतो. शब्दकोश घेऊन बसणाऱ्यांना हे पटत नाही, त्याला इलाज नाही.

कोडी रचणाऱ्यांनाही स्वतःची सवय असतेच. ‘कर’ म्हटलं की त्यांच्याकडे ठरलेले तीन: हात, किरण, सरकारी वसुली. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाला कर म्हणतात आणि त्या दिवशी अनेक घरांत मटण शिजतं, हे कोड्यात मी अजून तरी पाहिलेलं नाही. एखाद्या वर्षी ‘पोळ्याचा दुसरा दिवस, घरं दोन’ असं छापून पाहावं. आमच्या पारावर चहा निवायच्या आत उत्तर निघेल. पुण्यात किती वेळ लागतो ते बघायला मजा येईल.